नास्तिकाने गणपती करावेत का? (मे संपायच्या आत उत्तर हवं आहे)

चिकणमाती

प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण त्याला मुदत आहे. मृगाच्या आधी मला माती सांगायला हवी. एकदा पाऊस लागला की शेतात पिकअप उतरत नाही, आणि ओली माती आणली तर ती फोडून चाळता येत नाही, खडे आतच राहतात. शेतवाल्याचे दोन फोन येऊन गेले. "यंदा किती घालूं?" दोन्ही वेळा मी "सांगतो" म्हणून ठेवून दिला.

डिचोली तालुक्यात आमची गणपतीची चित्रशाळा आहे. नाव मोठं, प्रत्यक्षात घराच्या पडवीला लागून पत्र्याचा मांडव आणि आत तीन मजली फळ्या. आजोबांनी सुरू केली, बाबांनी पन्नासेक वर्षं चालवली. मी त्यात कधीच नव्हतो. पावसाळ्यात माती तुडवून द्यायची आणि चवथीच्या आदल्या दिवशी लोकांच्या गाड्यांत पाट चढवायचे, एवढाच माझा हात. १९९९ पासून मी लोहखनिजाच्या एका खाणीवर वजनकाट्याला होतो. ट्रक रिकामा काट्यावर चढला की आकडा टिपायचा, भरून आला की परत टिपायचा. भरलेला वजा रिकामा, राहिला तो माल. पाळीला दोनशे-अडीचशे ट्रक. माल बार्जमधून मुरगाव बंदराला जायचा, तिथून चीनला. तिकडे त्याचं काय होतं ते मी कधी पाहिलं नाही, पण माझा आकडा कधी चुकला नाही आणि मला ते पुरत होतं.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि आम्हाला अर्ध्या पगारावर घरी बसवलं. माझं वाचन तेव्हाचं. सकाळची बस धरून पणजीला जायचं, पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात पंख्याखाली बसायचं, तीनच्या बसने परत. सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाचं एक पुस्तक घेतलं ते केवळ बारीक होतं म्हणून. पुढे खाणी सुरू झाल्या, परत गेलो. मग २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीज रद्द केली, १६ मार्चला काट्याला कुलूप लागलं. तेव्हापासून एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो.

देव मी सोळा वर्षांचा असल्यापासून मानत नाही. त्यामागे काही मोठी घटना नाही. आरतीत उभा होतो आणि लक्षात आलं, आपण फक्त तोंड हलवतोय. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांचं त्यावरचं मत एवढंच होतं: "मानूं नाका, पाट धर."

गेल्या वर्षी चवथीला अकरा दिवस असताना बाबा गेले. रात्री जेवून झोपले, सकाळी उठले नाहीत. मांडवात ६१ गणपती होते. रंग झालेला, दागिन्यांचं सोनेरी काम बरंचसं झालेलं, पण डोळे एकाचेही आखलेले नव्हते. डोळे बाबा सगळ्यात शेवटी घ्यायचे, पहाटे, चहासुद्धा न घेता. प्रत्येक पाटाच्या खाली खडूने घरवाल्याचं नाव. आणि आम्हाला सूतक.

मला वाटलं, संपलं. लोकांना पैसे परत देऊन दुसरीकडे पाठवावं लागणार, आणि चवथीच्या तोंडावर कुठला चित्रशाळावाला ६१ नवे घेईल? तिसऱ्या दिवशी भटजी आले. म्हणाले, कारागिराला त्याच्या कामापुरतं सूतक नाही. स्मृतीत वैद्य, शिल्पी, कारागीर यांना 'सद्यःशौच' सांगितलंय, आंघोळ केली की कामाला बसायला मोकळे. "तुमच्या घरात यंदा चवथ नाही. त्यांच्या घरात आहे." मी त्यांना म्हटलं, मी मानत नाही. ते म्हणाले, तुझं सूतक मी बघतोय, बाकीचं मला विचारलं आहे का तू?

चार रात्री आखले. वरची पापणी एका दमात ओढावी लागते, मध्येच श्वास सोडला तर रेघ थरथरते. पहिल्या तिघांचे पुसून परत केले. एकाचे तर तीनदा, म्हणजे तिथला पांढरासुद्धा परत द्यावा लागला. विसाव्याच्या पुढे हात बसला. लोक आले, विडा ठेवला, पाट उचलले. जाताना जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला, "अगदी बाबांचेच डोळे." ते कौतुकाने म्हणत होते. मला त्या वाक्याने कितीतरी दिवस झोप नीट लागली नाही.

आता प्रश्न. त्या बारीक पुस्तकात सार्त्रचं २९ ऑक्टोबर १९४५ ला पॅरिसमध्ये दिलेलं भाषण आहे. त्यात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण येतं. कारागिराच्या डोक्यात सुरी आधी असते, कशासाठी करायची हे ठरलेलं असतं, मग ती घडते. माणसाला असा कारागीर नाही. माणूस आधी असतो आणि मग काय व्हायचं ते स्वतः होतो. २०१२ साली हे वाचून मला बरं वाटलं होतं. आता मीच कारागीर होऊन बसलोय आणि माझे डोळे बापाच्या डोक्यातून आलेत. दुसरं, त्याचा तो कॅफेतला वेटर. जरा जास्तच चटपटीत, जरा जास्तच वाकणारा, वेटर असल्याचं नाटक करणारा. आत्मवंचनेचा नमुना म्हणून सार्त्र त्याला उभा करतो. मी तोच नाही का? न मानता गणपती करणारा, विडा घेणारा, लोकांनी नमस्कार केला की मान लववणारा?

माती सांगू की नको? 'मन शांत ठेवा' कृपया लिहू नका, ते हार्डवेअरवाल्याने सांगून झालंय.

पेडणेकर_बेंगळुरूत

दादा, तुमची केस क्लासिक आहे. ग्रीक पुराणातला सिसिफस! दगड वर न्यायचा, तो खाली येणार, परत न्यायचा. चार महिने खपून करायचं आणि दीड दिवसात तळीत विरघळवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा. फ्रेंच लेखक कामू म्हणतो, सिसिफस सुखी आहे असं समजायला हवं. अस्तित्ववाद एका ओळीत. माती सांगून टाका.

(आणि साचे थ्रीडी प्रिंटरवर करून घेतले तर निम्मा वेळ वाचेल. सीरियसली.)

फोंड्याचा_मास्तर

पेडणेकर, कामू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घ्यायला तयार नव्हता, एवढं फक्त नोंदवतो. प्रिंटरविषयी मला गती नाही.

चिकणमाती, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीस वर्षं कॉलेजात हा विषय शिकवला. 'अस्तित्व हे सत्त्वाच्या आधी' यावर दरवर्षी पाच मार्कांची टीप यायची आणि मुलं दरवर्षी तीच सुरी लिहायची. वेटरचं मात्र तुम्ही बहुतेकांसारखंच वाचलंय, म्हणजे थोडं चुकीचं. सार्त्रची तक्रार तो वेटर ढोंगी आहे अशी नाही. १९४३ च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या जाडजूड ग्रंथात तो म्हणतो की ही दऊत जशी दऊत आहे तसा तो माणूस वेटर असू शकत नाही. दऊतीला दुसरं काही व्हायची सोय नाही. वेटरला आहे. रोज पहाटे पाचला उठायचं की अंथरुणात पडून नोकरी घालवायची, हे तो रोज ठरवतो. ते ठरवणं अंगावर येतं म्हणून तो दऊतीसारखा वेटर व्हायला बघतो. आत्मवंचना तिथे आहे.

आता तुमच्याकडे वळू. माणसाच्या दोन बाजू सार्त्र मानतो. एक, जे पदरात पडलंय ते. तुमच्या बाबतीत चित्रशाळा, बाबांचं जाणं, बंद पडलेली खाण, ६१ पाट. दुसरी, त्या सगळ्याचं पुढे काय करायचं हे ठरवायची मोकळीक. दोहोंपैकी एकीवरच सगळा भार टाकला की आत्मवंचना. 'मी काय करणार, बापाचा धंदा' हे एक टोक. ते तुम्ही टाळलंत. पण दुसरं टोकही आहे: 'मी नास्तिक, माझा याच्याशी आतून संबंध नाही.' रागावू नका, पण तुमच्या लिहिण्यात 'मी नास्तिक आहे' हे वाक्य मला दऊतीसारखं दिसलं. सोळाव्या वर्षी एकदा ठरलं, टोपण लावलं, फळीवर ठेवलं. प्रामाणिकपणासुद्धा आत्मवंचनेचा प्रकार होऊ शकतो असं सार्त्र त्याच प्रकरणात म्हणतो. 'मी असा आहे बुवा' असं खरंखुरं कबूल करून टाकलं की माणूस मोकळा होतो, आणि त्या मोकळं होण्यातच फसवणूक असते.

त्या १९४५ च्या भाषणात एक विद्यार्थीही आहे, तो तुम्ही गाळलात. जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स, थोरला भाऊ १९४० च्या लढाईत मेलेला, बाप शत्रूकडे झुकलेला, आई या एका मुलावर जगणारी. इंग्लंडला पळून सैन्यात जाऊ की आईजवळ राहू, असं तो विचारायला आला. सार्त्रने सांगितलं, तू मोकळा आहेस, निवड कर. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची, फुकटचा सल्ला म्हणून. पण त्याच्या पुढचं निरीक्षण मला जास्त आवडतं: माणूस सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवतो तेव्हाच कुठला सल्ला हवा हेही त्याने बरंचसं ठरवलेलं असतं. तुम्ही शेतवाल्याला दोनदा 'सांगतो' म्हणालात. 'नको' म्हणायला एक अक्षर कमी लागतं.

चिकणमाती

मास्तर, दऊत लागली. दोन दिवस दुकानात बिलं चुकवतोय.

पण सुरीवर मला बोलायचंय. सार्त्रने हाताने काही केलं नसावं असा माझा संशय आहे. डोक्यात एक गणपती असतो हे खरं. तो मातीत कधी आलेला नाही, बाबांच्याही नाही. माती ओली असताना सोंड आपल्या वजनाने खाली बसते, ती उचलायची तर खांदा बदलावा लागतो, खांदा बदलला की मागचा हात वेगळ्या जागी जातो. आषाढात पंखा लावला तर कानाच्या मुळाशी भेग पडते, नाही लावला तर महिनाभर वाळत नाही. वाळताना सगळाच थोडा आकसतो. बाबा म्हणायचे, गणपतीला काय व्हायचंय ते तो सांगतो. मी ती अंधश्रद्धा समजत होतो. त्यात देव कुठे नाही, माती आकसते एवढंच आहे. पण 'आधी कल्पना, मग वस्तू' हा हिशेब साच्यातल्या गणपतीचा. हाताने केलेल्याचा तसा लागत नाही. आमच्याकडे दोन्ही असायचे, निम्मे साच्याचे, निम्मे हाताचे, आणि हाताचेच आधी बुक व्हायचे.

पेडणेकर, सिसिफसचा दगड कुणाच्या घरी जात नाही. माझ्या ६१ पाटांखाली नावं होती. आणि टिकायचंच म्हणाल तर खाणीचा माल टिकाऊ होता, लोखंड होतं. तो कुठे टिकून आहे ते मला विचारू नका.

रात्रपाळी

मी आयसीयूत नर्स आहे, सतरा वर्षं झाली. तत्त्वज्ञान शिकले नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे म्हणून लिहिते.

बेशुद्ध पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दहा, बारा, दोन, चार, सहा. काही पेशंटचं पुढे काय होणार ते आम्हाला दिसत असतं. तरी दोनला वळवायचं, चारला वळवायचं. हा वाचेल असा तुझा विश्वास आहे का, असं आजवर मला कुणी विचारलेलं नाही. चादरीला सुरकुती राहिली का, हे विचारतात. सुरुवातीची वर्षं मला वाटायचं की आपण यंत्र झालो. आता तसं वाटत नाही, पण का वाटत नाही हे नीट सांगता येणार नाही.

मध्ये आमचं एक ट्रेनिंग झालं. त्यात व्हिक्टर फ्रँकलचं नाव घेऊन कुणीतरी स्लाइड दाखवली, दुःखातही अर्थ शोधा म्हणून. त्या महिन्यात आमच्याकडे माणसं कमी होती आणि डबल ड्युटी चालू होती. इतका राग आला की मी ते पुस्तकच आणून वाचलं, चुका काढायला. माणूस वेगळाच निघाला. व्हिएन्नाचा डॉक्टर, १९४२ ते १९४५ छळछावण्यांत. तो स्पष्ट लिहितो की जे दुःख टाळता येतं ते आधी दूर करा, उगीच सोसण्यात शौर्य नाही. ही ओळ स्लाइडवर नव्हती. आणि दुसरं, जे मला पटलं: आपण आयुष्याला अर्थ विचारत बसतो, पण विचारणारं आयुष्य असतं आणि उत्तर आपण द्यायचं असतं, तेही बोलून नाही, त्या त्या वेळी जे समोर आलंय ते करून.

तुमच्या बाबतीत विचारणारा तो शेतवाला आहे असं मला वाटतं. तिसरा फोन आला की उचला.

सावईची

मला थोडं कडू लिहायचंय, आधीच सांगते.

आमच्या घरीही चित्रशाळा होती. माती मी तुडवली आहे. खडे मी वेचले आहेत. वाळल्यावर पॉलिश पेपर मारून सफेदा देणं माझ्याकडे आणि आईकडे. पितांबराच्या चुण्या मी भावापेक्षा बऱ्या काढायचे हे वडिलांनी चारचौघांत कबूल केलेलं आहे. पण डोळ्यांची वेळ आली की "तू जा गो भितर." कारण कुणी बोलून दाखवत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. महिन्यातले चार दिवस गृहीत धरून उरलेले सव्वीसही बंद. भाऊ मस्कतला गेला. वडिलांचे डोळे अधू झाले. चित्रशाळा बंद पडली. साचे माळ्यावर आहेत. आमच्या घरी आता बाहेरून गणपती आणतात आणि दरवर्षी त्याच्या डोळ्यांत मला चूक दिसते.

मी वेर्ण्याला एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर एकसारख्या गोळ्या बघते. वेगळी दिसली की बाजूला काढायची, हे माझं काम.

तुम्ही दोघं सार्त्र सार्त्र करताय, त्याच्या शेजारी बसून लिहिणारी सिमोन द बोव्हुआर कुणाला आठवली नाही. बाई जन्मत नाही, घडवली जाते, हे तिने १९४९ साली लिहिलं. घडवणारे हात कुणाचे, हेही लिहिलं. पण माझ्या मनात तिचं त्याआधीचं, १९४७ चं पुस्तक आहे. त्यात ती म्हणते की मला एकटीला मोकळं होता येत नाही, माझ्या मोकळीकीला दुसऱ्यांचीही मोकळीक लागते. सार्त्रचा विद्यार्थी निवड करतो तेव्हा त्याच्यापुढे निदान दोन दारं आहेत. माझ्यापुढे एक होतं आणि ते आतल्या खोलीचं होतं.

दादा, तुम्ही देव न मानता डोळे आखलेत, सुतकात आखलेत, तरी शास्त्र सापडलं. मी मानते. रोज दिवा लावते. माझ्यासाठी कुणी स्मृती उघडली नाही. तुम्हाला नको असेल तर माती सांगू नका, पण मग तो मांडव कुणाला तरी द्या.

फोंड्याचा_मास्तर

सावईची, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. बोव्हुआर मी अभ्यासक्रमात नव्हती म्हणून शिकवली नाही. हे कारण आज लिहिताना फार बरं दिसत नाही.

चिकणमातींना एकच जोड. तुम्ही नास्तिक आणि ती ६१ घरं आस्तिक, असं तुम्ही धरून चाललाय. कशावरून? कोपनहेगनचा तत्त्वज्ञ किर्केगार्द याच गोष्टीवर आयुष्यभर आपल्या शहराशी भांडला. त्याचं म्हणणं, डेन्मार्कमध्ये मूल जन्मलं की बाप्तिस्मा होऊन ख्रिस्ती ठरतं, त्यामुळे ख्रिस्ती व्हायचं कुणी मनावरच घेत नाही. श्रद्धा ही पदरात पडलेली वस्तू नाही, जन्मभर पुरणारं काम आहे. तुमच्या गिऱ्हाइकांतही आरतीला तोंड हलवणारे असतील.

जाता जाता, आमच्या घरी मूर्ती नाही. कागदावरचा गणपती पूजतात. १५६० ला गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय आलं, त्या काळात पटकन गुंडाळून लपवता यावा म्हणून ही रीत पडली असं घरात सांगतात. आमच्यासारखी आणखीही घराणी आहेत, काही नुसती पत्री पूजणारी. भीती जाऊन दोनशे वर्षं झाली, कागद तसाच आहे. मी आजीला एकदा विचारलं होतं, आता का नाही मूर्ती आणायची? ती म्हणाली, याच्याशी ओळख झालीय. तेव्हा तुमच्याकडे माझा पाट कधी यायचा नाही. माझ्या मतात स्वार्थ नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

चिकणमाती

मास्तरांचं वाचून मी एक केलं, जे आधीच करायला हवं होतं. रविवारी आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका आजींकडे गेलो. त्यांचा पाट माझ्या आजोबांच्या वेळेपासून येतो. चहा झाल्यावर सांगून टाकलं, आजी, मी देव मानत नाही, तुमच्या गणपतीचे डोळे गेल्या वर्षी मी आखले, तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो.

त्या शेंगा सोलत होत्या, सोलतच राहिल्या. म्हणाल्या, "देव आमी हाडटात. तूं हातपांय सारके कर." देव आम्ही आणतो, तू हातपाय नीट कर. मला वाटलं विषय संपला. तर पुढे, "आनी फाटल्या वर्सा सोंड मातशी मोटवी आशिल्ली." म्हणजे जरा आखूड होती.

सोंड बाबांची होती. गेल्या वर्षीची सगळी घडण बाबांची, माझे फक्त डोळे. पण मी ते सांगितलं नाही. माझ्यावर घेतलं आणि म्हटलं, यंदा बघतो. घरी येताना स्कूटरवर लक्षात आलं की 'यंदा बघतो' म्हणून आलोय.

तिसरा फोन काल आला. एक पिकअप सांगितली. बाबा दोन घ्यायचे. एकात पस्तीसच्या आसपास होतील, हार्डवेअरचं सांभाळून तेवढेच जमतील. बाकीच्यांना आताच निरोप देतोय, म्हणजे त्यांना दुसरीकडे सोय बघायला वेळ मिळेल. काही नाराज होतील. साच्याचे यंदा करणार नाही, सगळे हाताचे. वाईट झाले तर माझे वाईट होतील.

'बाबांचेच डोळे' याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. रात्री जुने फोटो काढून बसलो होतो. बाबांच्या गणपतीची नजर किंचित खाली असते, समोर बसलेल्या माणसाकडे. माझ्या गेल्या वर्षीच्यांची समोर आहे, सरळ. उंच माणसाशी नजर मिळेल अशी. लोकांना फरक दिसला नाही, की दिसूनही ते म्हणाले नाहीत, कळायला मार्ग नाही. मी उभा राहून आखले होते. बाबा पाटावर बसून आखायचे. कारण एवढंच असेल.

सावईची, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी थांबलो. मांडव देऊन टाकणार नाही, पण जागा आहे. वाळलेले गणपती श्रावणात रंगाला येतात, शनिवार-रविवार येऊन बघा. डोळे शिकवण्याइतका मी कुणी नाही, एकूण ६१ आखलेत आणि त्यातले तीन पुसून. बरोबरीने शिकू. कुंचले तुमचे आणा, बाबांचे माझ्याही हाताला बसत नाहीत. आई विचारत होती, चुण्या खरंच बऱ्या काढते का? गेल्या वर्षी पितांबर तिने एकटीने ओढलेत.

सावईची

येते. चुण्यांचा फोटो पाठवते, आईंना दाखवा. त्या चार दिवसांचं तुमच्याकडे काय धोरण आहे, ते आधीच सांगा.

चिकणमाती

आईला विचारलं. ती म्हणाली, मातीला कळत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, भटजींना सांगू नको. एवढंच धोरण आहे, जमत असेल तर या.

रात्रपाळी

डोळे आखताना मान आखडते, दर अर्ध्या तासाने उठा. हा सल्ला विश्वासावर अवलंबून नाही.

पेडणेकर_बेंगळुरूत

ओके, प्रिंटर मागे घेतो. दादा, एक विचारू? आमच्याकडचे चित्रशाळावाले यंदा बंद करतायत, आई काळजीत आहे. पस्तिसात एक पाट बसेल का? पेडण्याहून डिचोलीला मी स्वतः न्यायला येईन, चवथीला सुट्टी काढलीय.

चिकणमाती

बसेल, पण न्यायला गाडी मोठी आण आणि मांडीवर धरायला एक माणूस. गेल्या वर्षी एकाने डिकीत ठेवला होता, पहिल्याच खड्ड्यात दात गेला. आईला विचार, सोंड डावी की उजवी, आणि पाट आषाढाच्या आत पाठव.